वापरात नसलेली विहीर

बँड पत्र्यांच्या आत शिरला तेव्हा प्राचीने स्कूटर थांबवली. थांबवली म्हणजे ती थांबलीच. ब्रेक दाबल्याचं तिला नंतर आठवेना. वर्तकनगरच्या मागच्या अंगाला, क्रुसाच्या आळीच्या, म्हणजे जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या तोंडाशी, शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाच-सहा वाजंत्री चालले होते. त्यांच्या मागे लाल चौकड्यांच्या लुगड्यांतल्या दहा-बारा बायका, डोक्यावर तांब्याच्या कळश्या, आणि सगळ्यांत मागे सुटाबुटातले पुरुष. वराती तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. पण ही वरात रस्त्याने पुढे न जाता उजवीकडे वळली आणि साइटच्या हिरव्या पत्र्यांमधल्या फटीतून एकेक करून आत गेली. ट्रम्पेटवाला आधी गेला, मग ढोलवाल्याने ढोल आडवा धरला आणि तोही गेला. आत काय आहे हे तिच्याहून चांगलं कुणाला माहीत असणार? आत काही नव्हतं. मोकळी जमीन, गुडघाभर गवत, मोजणीच्या वेळी ठोकलेल्या खुंट्या आणि कोपऱ्यात एक मेलेली विहीर. तसं तिनेच तर लिहून दिलं होतं.

पत्र्यावर एक मोठं चित्र लावलेलं होतं. मुलींचं वसतिगृह, पाच मजले, गॅलऱ्यांत कुंड्या, आणि पुढच्या हिरवळीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन हसणाऱ्या चार मुली. वसतिगृहातल्या मुली इतक्या हसत नाहीत आणि हिरवळीवर तर त्यांना कुणी बसूच देत नाही, हे प्राचीला पक्कं माहीत होतं. पण चित्र तिला आवडायचं. रोज घरी जाताना ती त्या चित्राकडे एकदा बघून घ्यायची. बांधणारा एक ट्रस्ट होता, तयार भाग जोडून पहिले दोन मजले जूनपर्यंत उभे करायचे होते, आणि परवानगीसाठीचं कागदाचं काम मितेश सरांच्या फर्मकडे होतं, म्हणजे प्राचीकडे. सिव्हिलचा डिप्लोमा, सतरा वर्षांची नोकरी; जागेची पाहणी करून अहवाल लिहिणं हा तिच्या हातचा मळ. ऑक्टोबरातल्या भर दुपारी ती इथे आली होती, डोक्यावर ओढणी घेऊन. कोपऱ्यात जमिनीलगत एक मोठा पत्रा पडलेला, त्यावर दगड ठेवलेले. रहाट नाही, दोर नाही, पंप नाही, पायवाटसुद्धा नाही. तिने वाकून पत्र्यावर तळहाताने दोनदा मारलं. साइटवरचा सुपरवायझर सर्वेश म्हणाला की सुकलेली असणार, मॅडम, सोडा. तिने सोडलं. अहवालात तीन वाक्यं लिहिली: आग्नेय कोपऱ्यात जुनी विहीर आहे. वापरात नाही. बुजवण्यास हरकत नसावी. त्या तीन वाक्यांवर नकाशा मंजूर झाला, जिथे विहीर होती तिथे इमारतीचा एक अख्खा कोपरा आला, आणि सोमवारी सकाळी भरावाचे डंपर यायचे होते.

म्हणजे ही माणसं आत कशाला गेली होती? तिने स्कूटर स्टँडवर लावली, हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी तशीच राहू दिली आणि फटीतून आत गेली. गवत तुडवलेलं होतं. पत्रा बाजूला काढून उभा करून ठेवला होता. बायका त्या जागेभोवती गोळा झाल्या होत्या आणि बँड आता वेगळंच काहीतरी वाजवत होता, हळू, लग्नातल्यापेक्षा चर्चमधलं वाटावं असं. प्राची लांबच उभी राहिली. परक्याच्या घरात दार उघडं दिसलं म्हणून डोकावावं तसं तिला झालं होतं, आणि गंमत म्हणजे कागदोपत्री या जागेचा इंचन्‌इंच तिच्या परिचयाचा होता.

गर्दीतून एक म्हातारी तिच्याकडे आली. सत्तरीची असेल, काळी, सडसडीत, कानात सोन्याची जड कर्णफुलं. ही थेल्मा, नवरीची आत्या, असं प्राचीला मागाहून कळलं. तिने प्राचीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू या आलीतली नाय ना?”

नाही, प्राची म्हणाली, पलीकडच्या कॉलनीतली. मी सहज. जाते.

“जाते कुठं? बरी घावलीस. ये बाय, चपला काढ.”

मग तिने घाईघाईत सांगितलं ते असं. उद्या निकोलचं लग्न. लग्नाच्या आदल्या सांजेला उंबराचं पाणी नेतात, नवरीला न्हाऊ घालायला. पाणी याच विहिरीचं लागतं. सगळ्या कळश्या घरच्या बायका भरतात, पण या आळीची एक रीत आहे की शेवटची कळशी आळीबाहेरच्या बाईने भरायची. चाळीतल्या पाटीलबाई दर लग्नात यायच्या, त्या नेमक्या गावी गेल्या. का बाहेरच्या बाईने, असं प्राचीने विचारलंही नाही, पण थेल्माने सांगून टाकलं. “आमचा हात लागला का पानी घरचं व्हतं. नवरी तर घरातून चालली. तिला एक कलशी बाहेरच्या हातची पायजे.” हे म्हणताना तिने प्राचीच्या हातात कळशी दिलीसुद्धा. प्राचीने आयुष्यात पुष्कळ गोष्टींना नाही म्हटलं होतं, पण हातात दिलेल्या रिकाम्या कळशीला नाही कसं म्हणतात ते तिला माहीत नव्हतं.

पत्रा होता तिथे आता जमिनीत एक चौकोनी तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून पायऱ्या खाली जात होत्या. पायऱ्या! तिच्या अहवालात पायऱ्या नव्हत्या. ती पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि तळपायाला काहीतरी जाणवलं म्हणून तिने खाली पाहिलं. दगड दोन ठिकाणी खोलगट झाला होता, डाव्या पायाला एक आणि उजव्या पायाला एक. पुढच्या पायरीवरही तसंच. तिचे पाय त्या खळग्यांत आपोआप जाऊन बसत होते, कुणीतरी पाय धरून नीट ठेवावेत तसे. उतरताना तिला एकदाही आधार शोधावा लागला नाही. दगड थंड होता आणि इतका गुळगुळीत की तिला अंग शहारल्यासारखं झालं. किती पाय लागतात दगड एवढा झिजायला? आणि हे काही रोजचे पाय नव्हते. आळीत एका वर्षात लग्नं होऊन होऊन होणार किती? इथे उतरलेली एकेक बाई उद्या लग्न असलेल्या कुणासाठी तरी उतरली होती, हातात कळशी घेऊन, मागे बँड किंवा त्याआधी जे काही वाजत असेल ते वाजत असताना.

खाली एक दगडी चौकट होती. तिच्या माथ्यावर काहीतरी कोरलेलं, हात लावून लावून पुसट झालेलं. हत्ती असेल, गाय असेल, आता सांगता येणार नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी क्रूस कोरला होता, साधा, दोन रेघांचा. आणि दोन्हींच्या मधोमध शेंदराचा एक जुना ठिपका होता. कुणी कुणाला खोडलं नव्हतं. ज्याला जे वाटलं ते त्याने शेजारी मांडलं होतं आणि पाणी भरून तो निघून गेला होता. प्राचीतली इंजिनिअर सवयीने भिंतीकडे वळली. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, काही नाही. तिने सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही. तिच्या स्वतःच्या इमारतीला आठ वर्षांत दोनदा तडे बुजवून घ्यावे लागले होते आणि त्या इमारतीला चांगला आर्किटेक्ट होता. इथे कुणाचं नाव नव्हतं, साल नव्हतं. तिला एकदम आपल्या सतरा वर्षांच्या नोकरीची लाज वाटली आणि त्याच क्षणी अभिमानही वाटला, की माणसं असं बांधू शकतात, आणि मीही बांधणाऱ्यांतलीच एक आहे.

आणि पाणी होतं. शेवटच्या पायरीच्या खाली अगदी स्थिर, इतकं स्वच्छ की कळशी बुडवताना तिला आपली बोटं, अंगठी, मनगटावरचा तीळ सगळं दिसलं. थंडगार. ती कळशी भरायची थांबली आणि तसाच हात पाण्यात ठेवून बसली. वरून बायकांचं गाणं येत होतं, शब्द कळत नव्हते. खाडी इथून काही फार लांब नाही आणि आजूबाजूच्या बोअरवेलना मचूळ पाणी लागतं हे तिनेच दुसऱ्या कुठल्याशा अहवालात लिहिलं होतं. ती ओंजळ भरून प्यायली. गोड होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते का आलं हे तिला समजेना. देवळात तिला कधी असं होत नसे. देवळात तिचं लक्ष चपलांकडे असायचं.

पाणी म्हटलं की तिला ठाण्यातलं खोपट आठवायचं. डिप्लोमाला जुन्नरकडच्या गावातून ठाण्याला आली तेव्हा ती एसटी डेपोच्या मागे एका बाईंकडे कॉट बेसिसवर राहिली होती. एका खोलीत सहा कॉट आणि अकरा मुली. प्राचीची कॉट रात्रीपुरती तिची होती. दिवसा तिच्यावर रात्रपाळीची एक नर्स झोपायची. दोन वर्षांत त्या नर्सला ती जेमतेम चार वेळा भेटली असेल, पण तिच्या तेलाचा वास तिला पाठ होता, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी लवकर परत आली तर गादी अजून ऊबदार असायची. अंघोळीला माणशी एक बादली. बाई दारात उभ्या राहून नळ बंद करायच्या. भिंतीपलीकडे दिवसभर गाड्यांची नावं पुकारत, नारायणगाव, आळेफाटा, जुन्नर, आणि गावाचं नाव ऐकलं की अभ्यासातलं लक्ष उडायचं. ती रडायची नाही. रडायला जागा लागते. परीक्षेच्या दिवसांत ती डेपोतल्या बाकावर जाऊन वाचायची आणि कंडक्टर लोक तिला ओळखू लागले होते. त्या अकरा मुलींतल्या सहा जणी शिक्षण सोडून परत गेल्या. हुशार होत्या. म्हणून वसतिगृहाची फाइल टेबलावर आली तेव्हा तिने ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. एकेक कॉट एकेका मुलीची, रात्रीही आणि दिवसाही, हे नकाशावर पाहून तिला जे वाटलं होतं, तेही काही या विहिरीतल्या वाटण्यापेक्षा कमी नव्हतं.

आणि संचिता होती. पोपटदादाची मुलगी, प्राचीची भाची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, आंबिवलीला तिघींबरोबर भाड्याच्या खोलीत. मालकाने मे अखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. पोपटदादाने सरळच सांगितलं होतं की जूनमध्ये नीट वसतिगृह मिळालं तर ठीक, नाहीतर पोरगी गावी परत येईल आणि तालुक्याला बी.ए. करेल, रोज नव्या मालकाच्या दारात तिला उभी करणार नाही. प्राचीकडे दोन खोल्या होत्या, त्यांतली एक अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची. तरी ती म्हणाली होती की माझ्याकडे राहू दे. त्यावर दादा म्हणाला, बहिणीच्या सासरी पोर ठेवून मी मिंधा होणार नाही. त्याचा ताठा गावात प्रसिद्ध होता. मग प्राचीने शब्द दिला. जूनमध्ये संचिताला इथे कॉट मिळेल, ट्रस्टच्या लोकांशी मी बोलले आहे, माझी जबाबदारी. संचिता तेव्हा आत्याच्या खांद्याला टेकून बसली होती.

कळशी घेऊन ती वर आली. बायकांनी तिच्या कपाळाला हात लावला, कुणीतरी तिच्या हातावर उकडलेले चणे ठेवले. नवरीही तिथेच होती, साध्या ड्रेसमध्ये, केसांत फुलं माळलेली. थँक यू आंटी, ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिने हसत सांगितलं की तिचं लग्न खरं तर एप्रिलमध्ये होतं. हॉल ठरलेला, नवऱ्याची सुट्टी ठरलेली. पण विहीर जानेवारीत बुजणार असं कळलं तेव्हा थेल्मा आत्या म्हणाली की मग त्याआधी करू. सगळं तीन महिने अलीकडे ओढलं. सुट्टी मिळेना म्हणून नवरा बिनपगारी आला. “माझ्यानंतर बस. मी लास्ट,” निकोल म्हणाली.

प्राचीला वाटलं आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का. तिच्या तीन वाक्यांनी एक लग्न एप्रिलमधून उचलून जानेवारीत आणून ठेवलं होतं. तिने कधी आपल्या वाक्यांत एवढी ताकद असेल असं धरलंच नव्हतं. वाक्यं लिहायची, सही करायची, फाइल पुढे जायची. पुढे कुठे जाते, कुणाच्या घरात शिरते, हे बघायला कोण जातं? वरात परत फिरू लागली होती. दोन पुरुष पत्रा उचलत होते. प्राची थेल्माजवळ गेली. तिने विचारलं, तुम्ही हरकत का नाही घेतली, नोटीस लागली होती ना. थेल्मा म्हणाली की नोटिशीत नुसता आकडा होता, सर्व्हे नंबर. विहिरीला आकडा असतो हे आळीत कुणाला माहीत? जमीन डिसोझांची, ते विकून ऑस्ट्रेलियाला गेले. जमीन विकतात हे कळलं. विहीरही विकतात हे मागाहून कळलं.

“ते मी लिहिलंय,” प्राची म्हणाली. “वापरात नाही म्हणून. मीच लिहिलंय.”

थेल्माने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही; नीट ओळख करून घ्यावी तसं. “आत उतरलेलीस तवा?”

“नाही. पत्रा होता वर.”

“पत्रा आमीच टाकतो, बाय. पानी निर्मल ऱ्हावा म्हनून.” मग पत्र्यावर दगड ठेवणाऱ्या माणसांकडे बघत ती म्हणाली, “लगीन लगीन करून हिला जपली. रोज वापरली असती तर तुला दिसली असती.” आणि निघता निघता, अगदी सहज, “पोरींचं घर व्हनार हाय ना हितं? ते मोडू नको हां. पोरी लांबून येतात.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्राची त्या दगडांच्या बाजूला गवतात बसली. जे जपलं म्हणून झाकलं, ते तिला झाकलं म्हणून टाकलेलं वाटलं होतं. आणि आता थेल्मा दोन्ही गोष्टी मागत होती, जशा काही त्या एका हातात मावतात. मावतील, तिच्या डोक्यातला नकाशा म्हणाला. इमारत सरकवायची, आग्नेयेचा कोपरा कापायचा, खोल्या कमी होतील, पण होईल. फक्त नकाशा नव्याने, परवानगी नव्याने. तिने सर्वेशला फोन लावला आणि सोमवारचे डंपर थांबवायला सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला की सगळं तुमच्याच रिपोर्टवर उभं आहे, तोंडी सांगून मी काही थांबवणार नाही. आणि लेखी देत असाल तर मॅडम, जून विसरा. पुढचा जून म्हणा.

पुढचा जून. न लिहिणं किती सोपं होतं! पत्रा परत जागेवर होता. सोमवारी डंपर आले असते, तिला जायचीही गरज नव्हती. संचिताला कॉट मिळाली असती आणि त्या कॉटवर झोपून तिने इंजिनिअरिंग पुरं केलं असतं, आणि खाली कुठेतरी त्या पायऱ्या मातीत राहिल्या असत्या, कुणाला न दिसता. प्राचीला दिसल्या असत्या. तिच्या तळपायांना ते खळगे अजून जाणवत होते. तिने मितेश सरांना आणि सर्वेशला एकच मजकूर पाठवला. सदर विहीर वापरात आहे. ऑक्टोबरातली माझी नोंद चुकीची आहे, मी विहीर न पाहता ती केली होती. भराव करू नये. मितेश सरांचं उत्तर लगेच आलं: सोमवारी केबिनमध्ये भेटा. तिने घरी जाऊन भाजी चिरली, सासऱ्यांना जेवू घातलं आणि मग संचिताला फोन केला.

संचिताने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, “पहिल्यांदा गेलेलीस तेव्हा आत बघितलं नव्हतंस?”

“नाही.”

“बघायला पाहिजे होतंस, आत्या.” आणि मग, “उद्या मी येते. मला बघायचीय.”

रविवारी अकराला ती आली, पाठीला कॉलेजची सॅक. आळीतली सगळी माणसं चर्चमध्ये होती. प्राचीने सकाळीच थेल्माला विचारून घेतलं होतं. ती नटूनथटून निघतच होती, म्हणाली की पाय धुऊन उतरा, लगीन अजून सरलं नाय. दोघींनी मिळून दगड बाजूला केले, पत्रा ओढला. प्राचीने बाटलीतल्या पाण्याची धार पोरीच्या पायांवर धरली. संचिता उतरू लागली. प्राचीने काही सांगितलं नाही, खळगे दाखवले नाहीत, चौकट दाखवली नाही. तरी तिला दिसलं की दुसऱ्या पायरीवर पोरगी थांबली, तिने पायांकडे पाहिलं, आणि मग भिंतीला हात न लावता सावकाश खाली गेली. प्राचीला राहवेना, तीही उतरली.

संचिता शेवटच्या पायरीवर बसली होती, पाण्यात हात घालून. ऊन वरच्या तोंडातून तिरपं आत आलं होतं आणि पाण्यावरून उसळून भिंतीवर, त्या हत्तीवर की गाईवर, क्रुसावर हलत होतं. पोरीचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. तिचा चेहरा प्राचीने असा कधी पाहिला नव्हता, निकालाच्या दिवशीही नाही. प्राचीच्या मनात आलं की झालं, हिला कळलं, आता काही बोलायला नको. तिला फार बरं वाटलं.

“भारी आहे गं, आत्या,” संचिता म्हणाली. तिचा आवाज त्या दगडांत मोठा होऊन परत आला. “खरंच भारी आहे. थांबवलंस ते बरं केलंस.”

मग तिने हात पाण्यातून काढला, ड्रेसला पुसला आणि आत्याकडे वळून बघितलं.

“पण मी राहू कुठे?”